कोकणचा बकोरा आणि देशावरची माती

गेल्या काही वर्षांत घराभोवती लावायच्या झाडांविषयी लोकांची दृष्टी बदलली आहे. परदेशी शोभेच्या झाडांऐवजी आपल्या भूमीतील झाडेझुडपे लावावीत, असा आग्रह आता बंगल्यांच्या आवारात, सोसायट्यांच्या बागांत, दुकाना-गोदामांच्या मोकळ्या जागेत आणि धर्मशाळांच्या अंगणातही दिसू लागला आहे. ही गोष्ट निश्चितच स्वागतार्ह आहे. परंतु झाड ‘देशी’ आहे एवढ्याने ते कोठेही जोमाने वाढेल, अशी समजूत करून घेतली की निराशा पदरी येते. आषाढात मोठ्या हौसेने लावलेले रोप दिवाळीच्या सुमारास पिवळे पडू लागते. माळी युरियाची मूठ टाकतो, शेजारी कीटकनाशक सुचवितो, कोणी पाणी वाढवितो, तर कोणी तोडतो. घरातील ज्येष्ठ व्यक्ती मात्र एवढेच म्हणते, ‘त्याला इथली माती मानवली नाही.’ या सर्व सल्ल्यांत सत्याच्या सर्वांत जवळ जाणारे वाक्य बहुधा हे शेवटचेच असते. माती मानवत नाही म्हणजे नेमके काय होते, हे समजून घेण्यासाठी बकोऱ्याचे उदाहरण फार उपयोगी आहे.

बकोरा म्हणजेच रोपवाटिकेत ‘एक्झोरा’ या नावाने मिळणारे झुडूप. गोव्यात त्याला पिटकोळी म्हणतात. लाल-केशरी फुलांचे भरगच्च गुच्छ, प्रत्येक फुलाला चार पाकळ्या आणि बारीक लांब नळी, जाडसर चकचकीत गर्द हिरवी पाने ही त्याची ओळख. मूळ रानटी जातीच्या पानाला देठ जवळजवळ नसतोच. पान थेट फांदीला चिकटलेले दिसते. दक्षिण भारत आणि श्रीलंका ही त्याची जन्मभूमी. गोवा आणि दक्षिण कोकणात जांभ्या दगडाच्या सड्यांच्या कडेला, झुडपी रानात ते कोणी न लावता उगवते. फुलाच्या नळीतील मधाचा थेंब चोखणे आणि पिकलेली लालसर फळे खाणे, हा तेथील मुलांचा पिढ्यानपिढ्यांचा उद्योग. सतराव्या शतकात कोचीनच्या डच गव्हर्नराने मलबारच्या वनस्पतींवर सिद्ध केलेल्या ‘होर्टुस मलाबारिकुस’ या बारा खंडांच्या ग्रंथात त्याची नोंद आहे. पुढे १७५३ साली लिनियसने त्याला ‘इक्सोरा कॉक्सिनिया’ हे शास्त्रीय नाव दिले. ‘इक्सोरा’ हे ‘ईश्वर’ या शब्दाचेच पोर्तुगीज उच्चारातून आलेले रूप मानले जाते.

असे हे पूर्णपणे भारतीय, सोशिक झुडूप कोकणातून घाट चढून सोलापूर, बारामती, अहिल्यानगर किंवा लातूरच्या अंगणात आले की सहा-आठ महिन्यांतच त्याची कांती उतरते. शेंड्याची नवी पाने हिरवी होण्याऐवजी फिकट पिवळी निघतात. पानांच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहतात आणि त्यांच्यामधला भाग पिवळा पडत जातो. जणू पिवळ्या कागदावर कोणी हिरव्या शाईने जाळी काढावी, असे ते पान दिसते. दुर्लक्ष झाले तर पुढची पाने जवळजवळ पांढरी येतात, त्यांच्या कडा करपतात आणि कळ्या धरण्याचे थांबते.

पान वाचावे कसे?

रंगातील प्रत्येक बदल हा रोग नसतो, हे आधी लक्षात घेतले पाहिजे. आंबा, जांभूळ, सीतेचा अशोक, पिंपळ, कुसुंब अशा आपल्या अनेक वृक्षांची कोवळी पालवी तांबूस किंवा लालसर असते. कोवळ्या पानात हरितद्रव्य पुरेसे तयार झालेले नसते. तोपर्यंत लाल रंगद्रव्य प्रखर उन्हापासून त्याचे रक्षण करते. बकोऱ्याची पालवीही प्रथम किंचित तांबूस, फिकट हिरवी असते आणि काही आठवड्यांत गडद होते. हा बदल आरोग्याचा आहे.

नव्याने लावलेल्या रोपाची तळाकडील दोन-चार जुनी पाने पिवळी होऊन गळली तरी घाबरण्याचे कारण नाही. पिशवीतून जमिनीत येताना काही मुळे तुटतात आणि उरलेल्या मुळांना जेवढी पाने पोसता येतील तेवढीच झाड राखते. रोपवाटिकेच्या हिरव्या जाळीखाली वाढलेले रोप एकदम उघड्या उन्हात आले, तर उन्हाकडच्या पानांवर पांढुरके किंवा तपकिरी चट्टे पडतात. ती पाने सुधारत नाहीत, पण नंतर येणारी पाने उन्हाला सरावलेलीच येतात.

खरी तपासणी एका साध्या प्रश्नापासून सुरू होते. पिवळेपणा जुन्या पानांवर आहे की नव्या? झाडाच्या अंगात अन्नद्रव्यांची ने-आण कशी होते, यावर या प्रश्नाचे महत्त्व अवलंबून आहे. नत्र, पालाश आणि मॅग्नेशियम ही द्रव्ये फिरती आहेत. तुटवडा पडला की झाड ती जुन्या पानांतून काढून नव्या पालवीला देते. त्यामुळे नत्र कमी पडले तर तळाची पाने सर्वांगाने पिवळी होतात. मॅग्नेशियम कमी पडले तर जुन्याच पानांच्या शिरांमधला भाग पिवळा होतो. पालाश कमी पडले तर जुन्या पानांच्या कडांवर आणि पृष्ठभागावर तांबूस-तपकिरी डाग येतात. लोहाचे तसे नाही. एकदा जुन्या पानात गेलेले लोह तेथेच अडकून राहते, नव्या पानाला ते उसने मिळत नाही. म्हणून लोहाच्या तुटवड्याचे पहिले लक्षण नेहमी शेंड्याच्या कोवळ्या पानांवर उमटते. मँगनीजच्या अभावीही थोडेफार असेच दिसते, आणि चुनखडीच्या जमिनीत पुष्कळदा हे दोन्ही तुटवडे जोडीने येतात.

आणखी दोन लक्षणे ध्यानात ठेवावीत. पानांचे शेंडे आणि कडाच तेवढ्या करपत असतील, तर पाण्यातील किंवा खतातील क्षार वाढल्याची शंका घ्यावी. पानांवर सुईच्या टोकाएवढे असंख्य फिकट ठिपके असतील आणि पानामागे बारीक जाळी दिसत असेल, तर तो कोळी किडीचा उपद्रव होय. यांपैकी काहीच नसून केवळ शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, तोही नव्या पानांवर, असे चित्र असेल तर कीटकनाशकाची बाटली उघडण्याचे काही कारण नाही. कीड नसताना फवारलेले विष झाडाला काडीचाही लाभ देत नाही. त्या फुलांवर येणारी फुलपाखरे आणि मधमाश्या मात्र त्याने हकनाक मरतात.

लोह आहे, पण हाती नाही

येथे एक विरोधाभास समोर येतो. देशावरची काळी जमीन ज्या काळ्या कातळापासून, म्हणजे बेसाल्टपासून, बनली आहे त्यात लोह भरपूर असते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याच्या थरांवर थर साचून हा कातळ तयार झाला. कोकणच्या बऱ्याच भागातही हाच कातळ आहे. मग एका बाजूला बकोरा रानात माजतो आणि दुसऱ्या बाजूला लोहावाचून उपाशी राहतो, हे कसे?

याचे उत्तर पावसात आहे. कोकणात वर्षाला साधारण अडीच ते साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. एवढ्या पावसाने कातळातील चुना आणि इतर विद्राव्य क्षार हजारो वर्षे धुऊन नेले आणि मागे तांबडी, आम्लधर्मी जांभी माती उरली. घाटाच्या पर्जन्यछायेत पाऊस पाचशे ते सातशे मिलिमीटरच्या आसपास. तो चुना वाहून नेण्यास पुरत नाही. तेथील काळ्या जमिनीत चुना साचून राहतो. जमीन खणली की पांढरे खडे दिसतात ते याचेच. मातीची आम्लता मोजण्याचे माप म्हणजे सामू. सात हा मध्यबिंदू, त्याखाली आम्ल आणि त्यावर विम्ल. कोकणच्या जांभ्या मातीचा सामू बहुधा पाच ते साडेसहा असतो, तर देशावरच्या चुनखडीयुक्त काळ्या मातीचा साडेसात ते साडेआठ.

हे आकडे वरवर जवळचे वाटतात, परंतु त्यांतील अंतर फार मोठे आहे. सामू एका अंकाने वाढला की मातीतील लोहाची विद्राव्यता सुमारे हजार पटींनी घटते. लोह मातीतून कोठेही गेलेले नसते. ते गंजाच्या रूपात घट्ट बसून राहते आणि मुळांना शोषता येत नाही. व्यापाऱ्याला ही अवस्था वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. ताळेबंदात येणे रक्कम मोठी दिसते, गोदामही भरलेले असते, पण वसुली होत नाही आणि रोजच्या व्यवहाराला रोकड नसते. अशा पेढीला तोटा नसतानाही दिवाळे वाजण्याची वेळ येते. चुनखडीच्या मातीतील बकोऱ्याचे नेमके हेच होते. हरितद्रव्याच्या कणात लोह नसते, पण ते घडविण्याच्या क्रियेत लोहावाचून चालत नाही. लोह मिळाले नाही की हरितद्रव्य बनत नाही, हरितद्रव्य नाही म्हणून पान पिवळे पडते, आणि पिवळे पान झाडाला अन्न कमवून देऊ शकत नाही.

तरवडासारखी कोरड्या पठारावरची झुडपे याच मातीत हिरवीगार राहतात, कारण अडकलेले लोह सोडवून घेण्याची हातोटी त्यांना साधलेली आहे. आम्ल मातीत वाढलेल्या बकोऱ्याच्या मुळांना ती सवय नाही, कारण त्याला तशी गरजच कधी पडली नव्हती.

उपचार करताना होणारी हानी

पान पिवळे म्हणजे खत कमी, हे समीकरण मनात पक्के बसलेले असते. म्हणून युरिया टाकला जातो. युरियाने झाड नवी पालवी काढते, पण लोह नसल्याने ती आणखी पिवळी निघते. पाणी वाढविल्यास चिकण काळी माती गच्च होते, मुळांना हवा मिळत नाही आणि त्या कोंडलेल्या ओलीत लोहाचे शोषण आणखी मंदावते. पावसाळ्यात सततच्या ओलीने पिवळेपणा वाढतो, त्याचे कारण हेच. चुलीची किंवा बंबाची राख झाडांना चांगली, असे मानून ती आळ्यात टाकली जाते, परंतु राख विम्ल असल्याने सामू चढतो. खोडांना चुना फासण्याची पद्धतही या झाडाच्या हिताची नाही.

घरगुती पाण्याचाही येथे मोठा वाटा आहे. कूपनलिकेच्या जड पाण्यात विरघळलेला चुना असतो. रोज एक बादली पाणी घालणे म्हणजे रोज थोडा चुना घालणेच होय. घरातील पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी वाया जाऊ नये म्हणून अनेक घरांत ते झाडांना घालतात. हेतू उत्तम आहे, पण त्या पाण्यात मूळ पाण्यापेक्षा क्षार अधिक साठलेले असतात. ते फरशी पुसण्यास वापरावे, बकोऱ्याला घालू नये.

नव्या इमारतीच्या आवारात आणखी एक अडचण असते. भिंतीलगतच्या वाफ्यात सिमेंट, वाळू, गिलाव्याचा राडारोडा वरवर मातीने झाकलेला असतो. रोपाचा मुळांचा गोळा दोन महिन्यांत त्याला भिडतो आणि रंग उतरण्यास सुरुवात होते. रोप लावण्यापूर्वी हात-दोन हात खणून पाहण्याचे कष्ट घेतले, तर पुढची धावपळ टळते.

काय करावे?

प्रथम मातीची परीक्षा करावी. वाटीभर कोरड्या मातीवर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर टाकावे. फसफसून बुडबुडे आले तर मातीत मुक्त चुना आहे, असे समजावे. अधिक नेमकी माहिती हवी असेल तर कृषी विज्ञान केंद्रात किंवा शासनाच्या मृदा चाचणी प्रयोगशाळेत नमुना द्यावा. सामू, क्षारता आणि मुक्त चुना हे तीन आकडे पाहिले तरी पुष्कळ उलगडा होतो.

तात्काळ उपाय म्हणजे पानांवर लोहाची फवारणी. ही युक्ती जुनी आहे. फ्रान्समध्ये १८४० च्या दशकात युजेन ग्रिस यांनी पिवळ्या पडलेल्या वेलींच्या पानांवर लोहाच्या क्षाराचे पाणी लावून ती पुन्हा हिरवी होतात, हे दाखविले होते. आपल्याकडे खताच्या दुकानात हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, स्वस्त मिळते. एक लिटर पाण्यात आधी एक ग्रॅम लिंबूसत्व आणि मग पाच ग्रॅम हिराकस विरघळवून संध्याकाळी पानांच्या दोन्ही बाजूंनी फवारावे. प्रथम चार-पाच पानांवरच प्रयोग करून, ती करपत नाहीत असे पाहून, मग सर्व झाडावर फवारणी करावी. दहा-पंधरा दिवसांच्या अंतराने दोन-तीन वेळा हे करावे लागते. माल घेताना पारख हवी. चांगले हिराकस हिरवट-निळसर खड्यांचे असते. पिवळट-तपकिरी झालेल्या हिराकसाचे लोह आधीच गंजलेले असते, त्यावर पैसे घालू नयेत. फवारणीचे शिंतोडे फरशीवर वा संगमरवरावर पडले तर गंजाचे डाग निघता निघत नाहीत, म्हणून जवळची फरशी झाकून घ्यावी.

हिराकस कोरडेच चुनखडीच्या मातीत टाकले तर त्यातील लोह काही दिवसांतच बांधले जाते. चांगल्या कुजलेल्या शेणखतात ते काही दिवस मुरवून दिल्यास अधिक टिकते. बाजारात ‘चिलेटेड’ लोहाचेही दोन प्रकार मिळतात. ‘ईडीटीए’ प्रकारातील लोह सामू साडेसहाच्या वर गेला की मातीत फारसे टिकत नाही, त्यामुळे ते फवारणीसच ठीक. मातीतून द्यायचे असेल तर ‘ईडीडीएचए’ प्रकार घ्यावा. तो महाग आहे, पण विम्ल मातीतही काम करतो. स्वस्त माल म्हणून पहिला प्रकार मातीत ओतणे हा आतबट्ट्याचा व्यवहार ठरतो.

गंधक टाकून मातीचा सामू उतरवावा, असाही सल्ला दिला जातो. त्याचा हिशेब मांडून पाहावा. साठ सेंटिमीटर लांब, रुंद आणि खोल खड्ड्यात सुमारे २६० किलो माती बसते. तिच्यात पाच टक्के चुना असेल, तर तो १३ किलो झाला. रसायनशास्त्राच्या हिशेबाने १०० किलो चुना निष्प्रभ करण्यास ३२ किलो गंधक लागते. म्हणजे या एका खड्ड्याला चार किलोहून अधिक गंधक हवे, आणि तेवढे टाकल्यास बनणाऱ्या आम्लाने आणि क्षारांनी रोपच दगावेल. शिवाय चारी बाजूंच्या मातीतून आणि पाण्यातून चुना पुन्हा येतच राहणार. ज्या जमिनीत चुना नाममात्र आहे तेथे गंधक उपयोगी आहे. पांढऱ्या खड्यांच्या जमिनीत हा खर्च कधीच वसूल होत नाही.

मग ज्याला बकोरा हवाच आहे, त्याने तो मोठ्या कुंडीत किंवा विटांच्या उंच वाफ्यात लावावा, हा सर्वांत टिकाऊ मार्ग. विटा सिमेंटने न सांधता नुसत्या रचाव्यात. कुंडीत तांबडी माती, कुजलेल्या पालापाचोळ्याचे खत आणि थोडा नारळाच्या काथ्याचा भुसा असे मिश्रण भरावे. पावसाळ्यात छपराचे पाणी पिंपात साठवून ते या झाडासाठी राखून ठेवावे. पावसाच्या पाण्यात चुना नसतो. आळ्यात वर्षभर वाळक्या पानांचे आच्छादन ठेवावे. ते कुजताना मातीत सौम्य आम्ले तयार होतात आणि अडकलेले लोह थोडे थोडे मोकळे होत राहते.

उपचार सुरू केल्यावर गुण आला की नाही, हे जुन्या पानांवरून ठरवू नये. फार पिवळी झालेली किंवा करपलेली पाने पूर्ण सुधारत नाहीत. शेंड्याकडून येणारी पुढची पालवी पाहावी. ती पूर्वीपेक्षा हिरवी असेल तर उपाय लागू पडला आहे. पिवळी पाने ओरबाडून काढण्याची घाई करू नये. त्यांत जे थोडे हरितद्रव्य उरले आहे, त्यावरच झाडाची गुजराण चाललेली असते.

‘देशी’ म्हणजे कोणत्या देशचे?

या साऱ्या विवेचनातून एक मोठा मुद्दा पुढे येतो. वनस्पतीला राज्याच्या सीमा कळत नाहीत. तिला पाऊस, माती आणि ऊन एवढेच कळते. सावंतवाडीच्या सड्यावरचे झुडूप सोलापूरला ‘देशी’ म्हणून आणले, तरी त्या मातीच्या दृष्टीने ते परकेच असते. एखादी संस्था शंभर रोपे लावण्याचा संकल्प करते, समारंभ होतो, छायाचित्रे निघतात आणि दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत निम्मे खड्डे रिकामे दिसतात. यात पैसा जातोच, पण लोकांचा झाडे लावण्यावरचा विश्वासही उडतो, आणि हे नुकसान अधिक मोठे आहे. कित्येकदा ते रोप वडिलधाऱ्यांच्या स्मृतीसाठी लावलेले असते. ते डोळ्यांदेखत वाळताना पाहणे कुटुंबाला फार जड जाते.

पर्जन्यछायेतील काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीवर जमिनीतच झुडूप लावायचे असेल, तर त्या परिसरातील झुडपांतूनच निवड करावी. सोनेरी फुलांचा तरवड, सुगंधी पानांची निर्गुडी, पिवळी कोरांटी, औषधी अडुळसा ही नावे आपल्या परिचयाची आहेत. गावाबाहेरच्या माळावर, ओढ्याच्या काठी, जुन्या बांधांवर जी झुडपे कोणी पाणी न घालता वर्षानुवर्षे उभी आहेत, त्यांची यादी करणे हा रोपवाटिकेत जाण्यापूर्वीचा सर्वांत स्वस्त आणि विश्वासार्ह अभ्यास आहे. कोणाशी नवा व्यवहार करण्यापूर्वी त्याची बाजारातील पत आपण विचारून घेतो. झाडाच्या बाबतीत ती पत त्या गावच्या माळरानाला विचारावी.

ज्यांच्या अंगणात आज पिवळा पडलेला बकोरा उभा आहे, त्यांनी तो उपटून टाकण्यापूर्वी एक पावसाळा त्याला द्यावा. जमिनीतून मुळांच्या गोळ्यासह हलकेच काढून, चुनखडीची माती झाडून, त्याला तांबड्या मातीच्या कुंडीत बसवावे, आठवडाभर सावलीत ठेवावे आणि पावसाचे पाणी मिळू द्यावे. मुळे शाबूत असतील तर पुढच्या पालवीचा रंग पाहून त्याला नवी जागा मानवली की नाही, हे कळेल.